२९ वर्षांची मर्सिडीज, ७८ वर्षांचे बाबा आणि कन्याकुमारी

पार्ले_पूर्व
४ ऑक्टोबर, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमच्याकडे १९९६ ची मर्सिडीज ई-२२० आहे. डब्ल्यू-१२४, म्हणजे ती चौकोनी, पुढे एकच वायपर असलेली. १९९५ पासून पिंपरी-चिंचवडला टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात ज्या जुळवायला लागले त्यातली. बाबांनी २००४ ला सेकंडहँड घेतली, तेव्हा नवी एस्टीम जेवढ्याला पडली असती साधारण तेवढ्यात. बाबांचा प्रभादेवीला छोटा छापखाना होता. बिलबुकं, लेटरहेड, लग्नपत्रिका. मर्सिडीज ठेवावी असा धंदा अजिबात नव्हता, आणि हे वाक्य माझं नाही, आईचं आहे. ती गेली २१ वर्षं ते म्हणते आहे.

तर मुद्दा. येत्या २४ डिसेंबरला दोघांच्या लग्नाला ५० वर्षं होतात. हॉल-कॅटरर वगैरे काही नको, कन्याकुमारीला जायचं, आणि ह्याच गाडीने जायचं, असं बाबांनी जाहीर केलंय. माझी २०१९ ची ऑटोमॅटिक गाडी घेऊन जाऊ म्हटलं तर म्हणाले, "त्या डब्यात बसवून नेणार का मला?"

गाडी १ लाख १८ हजार चालली आहे. इंजिन एका चावीत सुरू होतं, आवाज नाही, धूर नाही. पण गेली सहा वर्षं तिचं आयुष्य म्हणजे रविवारी पार्ले ते दादर आणि परत. बाकी दिवस बिल्डिंगच्या स्टिल्टमध्ये कव्हर घालून. टायरची नक्षी नव्यासारखी आहे. जाऊन-येऊन साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास होतील. आई (७४) म्हणते, एसी चालला पाहिजे आणि कुठेही ढकलायला उतरवलंत तर मी तिथून एसटीने परत येईन.

जावं का? आणि जायचं तर काय काय करून घ्यावं?

हॉर्न_नको
४ ऑक्टोबर, रात्री ११.३८

एका शब्दात सांगतो: नको. इनोव्हा भाड्याने घ्या, ड्रायव्हरसकट. परत आल्यावर मर्सिडीज धुवा आणि फोटो काढा तिच्यासमोर.

रिकामटेकडा_ठाणे
४ ऑक्टोबर, रात्री ११.४१

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कुर्ला_गॅरेज
५ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

शेठ, मी ह्या गाड्यांचं काम २६ वर्षं करतोय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

इंजिनाची काळजी सोडा. तुमच्या २२०० सीसीला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. तेल वेळेवर बदललं असेल तर १ लाख १८ हजार म्हणजे तिचं आता कुठे पाणी तापलंय. दगा देतं ते रबर. होस, बेल्ट, बुश, सील, टायर. आणि ह्या गोष्टी किलोमीटरवर नाही, वर्षांवर म्हाताऱ्या होतात. रोज चालणारी टॅक्सी आणि रविवारी फिरणारी मर्सिडीज माझ्याकडे एकाच दिवशी आल्या तर मी आधी मर्सिडीजचं बॉनेट उघडतो.

पहिलं काम, आजच करा. टायरच्या बगलेवर डीओटी लिहिलेलं असतं, त्याच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे आठवडा, नंतरचे दोन म्हणजे साल. ते बघा आणि इथे लिहा. नक्षीबद्दल बोलू नका.

दुसरं, कूलंटचे सगळे होस. दाबून बघा. बोटाला खडखडीत लागला किंवा उलट पावासारखा मऊ लागला, दोन्ही वाईट. थर्मोस्टॅट नवीन टाका, स्वस्त पार्ट आहे. एसीच्या कंडेन्सरपुढचे दोन इलेक्ट्रिक पंखे दोन्ही स्पीडला फिरतात का बघा. पंख्याचा रेझिस्टर गेला की कमी स्पीड बंद पडतो, तो फक्त उकळायला आल्यावर पळतो आणि मालकाला वाटतं, पंखा तर चालू आहे.

तिसरं, ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी पितं. मुंबईच्या हवेत काय, पाणीच पाणी. नवीन डीओटी-४ कमीत कमी २३० अंशाला उकळतं, पाणी प्यायलेलं १५५ पर्यंत खाली येतं. घाट उतरताना पेडल खाली जातं ते ह्यामुळे. दोन वर्षांत बदललं नसेल तर बदला.

चौथं, फ्यूज. ह्या गाडीत जुन्या पद्धतीचे टॉर्पेडो फ्यूज आहेत, दोन्ही टोकांना धातूची टोपी असलेले. दमट हवेने टोप्यांवर बुरशी धरते आणि मग आज दिवा नाही, उद्या पंखा नाही, असं भूत लागतं गाडीला. जागच्या जागी बोटाने गोल फिरवले तरी अर्धी भुतं उतरतात. पण नवीन सेटच टाका.

पाचवं, इंजिनची वायरिंग. ९३ ते ९५ च्या सुमाराच्या बऱ्याच गाड्यांत वायरवरचं आवरण असं होतं की उष्णतेने त्याचा भुगा होतो. तुमची त्यातली आहे का, कोणी आधी बदललीय का, हे एक वायर वाकवून कळतं. वाकवताना तुकडे पडले तर कन्याकुमारी विसरा, आधी हार्नेस, म्हणजे वायरिंगचा अख्खा जुडगा.

बाकी उद्या. गिऱ्हाईक आलं.

पार्ले_पूर्व
५ ऑक्टोबर, सकाळी ९.३०

टॉर्च घेऊन खाली जाऊन आलो. चारही टायर ३२१४. म्हणजे २०१४ च्या ऑगस्टमधले. आणि स्टेपनी, सांगायला लाज वाटते, ०९०५. गाडी घेतल्याच्या पुढच्या वर्षीची. एकदाही खाली उतरलेली नाही, रबराचे ते बारीक केस अजून तसेच आहेत तिच्यावर. बाबा म्हणाले, "बघ, नवीन आहे."

बॉनेटही उघडलं. एका कोपऱ्यात वडापावचा कागद, काथ्या आणि बाबांच्या जुन्या बनियनचा तुकडा असं व्यवस्थित घर केलेलं आहे. घरमालक बाहेर गेले होते.

हॉर्न_नको
५ ऑक्टोबर, सकाळी ९.४४

११ वर्षांचे टायर आणि इंजिनात भाडेकरू. मी माझ्या मतावर ठाम आहे.

मुलुंडची_माहेरवाशीण
५ ऑक्टोबर, दुपारी १.१५

उंदरांसाठी: तंबाखूची पानं. पुडीतली मळलेली नाही, सुकी अख्खी पानं. आमच्या ह्यांनी जाळीच्या पिशवीत बांधून इंजिनाच्या बाजूला ठेवली, पंखा-बेल्टपासून लांब. पावसाळ्यात दर महिन्याला बदलायची. आमच्या सोसायटीत हाच उपाय चालतो. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी कसलं तरी अल्ट्रासॉनिक यंत्र आणलं होतं. उंदरांनी त्याची वायर खाल्ली.

आमच्याकडे ई-२५० डिझेल होती, हीच बॉडी. आम्ही सासूबाईंना घेऊन २०१७ ला रामेश्वरपर्यंत गेलो होतो. त्यामुळे पार्लेकर, माझं मत हॉर्न_नको यांच्या उलट आहे. वयस्कर माणसांना ह्या गाडीइतकी मागची सीट आजच्या गाड्यांत मिळत नाही. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास, पण त्या चार दिवसांत एकदाही "पाय आखडले" म्हणाल्या नाहीत. वजनदार गाडी, लांब स्प्रिंग, खड्ड्यात गेली तरी आत नुसतं "हं" होतं.

पण दर दोन तासांनी थांबायचंच. गाडीसाठी नाही, प्रोस्टेटसाठी. (हलके घ्या.) आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही ती: सेंट्रल लॉकिंग. ह्या गाडीचं लॉकिंग हवेच्या दाबावर चालतं, पंप आणि बारीक नळ्या. नळी फुटली की दारं आपापल्या मर्जीची होतात. आमची डिकी मदुराईला बंद झाली ती किल्लीनेच उघडावी लागली आणि किल्लीचं भोक बारा वर्षांत कोणी वापरलेलं नव्हतं. निघायच्या आधी सगळी कुलुपं किल्लीने उघडून बघा. औषधं डिकीत ठेवू नका.

आरटीओचा_जावई
५ ऑक्टोबर, दुपारी ३.५०

कागदांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून.

१५ वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी नूतनीकरण होते. तुमची १९९६ ची, म्हणजे २०११, २०१६, २०२१ आणि आता २०२६. महिना बघा. प्रवासात असताना आरसी संपायला नको. २० वर्षांवरच्या मोटारगाडीला नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून १० हजार झाली आहे, आधी ५ हजार होती. थेट आयात केलेल्या गाडीला ८० हजार आहे, पण तुमची पिंपरीची, त्यामुळे वाचलात. शिवाय पर्यावरण कर, पीयूसी, आणि १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना लागणारी ती नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरपाटी.

विमा फक्त थर्ड पार्टी आहे का? रस्त्यावरच्या मदतीची जोडपॉलिसी असेल तर गाडीच्या वयाची अट आधी वाचा. आणि टो करायची वेळ आलीच तर फ्लॅटबेडच मागवा, अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक. मागच्या चाकांवर चालणारी ऑटोमॅटिक गाडी पुढून उचलून फरफटत नेली की गिअरबॉक्सचं श्राद्ध.

बाबांचं लायसन्स? ५५ नंतर ते ५-५ वर्षांचंच मिळतं.

एक बरंय, तुम्ही दक्षिणेला चाललात. दिल्लीकडे १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी घेऊन जायचा विचारही करू नका.

पार्ले_पूर्व
५ ऑक्टोबर, रात्री १०.०२

आरसी मार्च २०२६ पर्यंत आहे, वाचलो. बाबांचं लायसन्स पुढच्या वर्षापर्यंत आहे. म्हणजे कायद्याने त्यांना अडवता येत नाही, हे वाईट.

निसर्ग_राखा
६ ऑक्टोबर, सकाळी ८.१२

मला एक कळत नाही. लिटरला ९-१० चा ॲव्हरेज, बीएस नॉर्म्सच्या आधीची गाडी, आणि आपण सगळे तिला तंबाखू बांधतोय. बाबांना रेल्वेने पहिल्या वर्गात न्या. गाडीचा हट्ट म्हणजे निव्वळ मोठेपणा आहे.

रिकामटेकडा_ठाणे
६ ऑक्टोबर, सकाळी ८.२०

आला आला. मी पॉपकॉर्न परत गरम करतो.

पार्ले_पूर्व
६ ऑक्टोबर, सकाळी ९.०१

@निसर्ग_राखा, मोठेपणा आहे, नाकारत नाही. २००४ मध्ये गाडी आणली तेव्हा बाबांनी ती छापखान्यासमोर उभी केली आणि दिवसभर आत बसून छपाईचे खिळे जुळवत दारातून तिच्याकडे बघत होते. रेल्वेचं मी सुचवलं होतं. "पन्नास वर्षांपूर्वी रेल्वेनेच निघालो होतो" असं उत्तर मिळालं. तेव्हा महाबळेश्वरच्या पुढे जायचे पैसे नव्हते, वाठारला उतरून एसटीने गेले होते. पुढचं राहिलं ते राहिलंच.

कुर्ला_गॅरेज
६ ऑक्टोबर, रात्री ९.३०

टायर पाचही बदला. १९५/६५ आर १५, सहज मिळतो साइज.

आता पेट्रोल. हल्ली पंपावर ई-२० मिळतं. तुमची गाडी बनली तेव्हा हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. इथेनॉलमध्ये ताकद पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा कमी, म्हणून २० टक्के मिसळल्यावर ॲव्हरेज सहा-सात टक्के खाली येणार हे साधं गणित आहे, त्यावर भांडण नको. माझी काळजी नळ्यांची. जुनं रबर इथेनॉलने फुगतं, मग चिरतं. तुमचा पेट्रोलपंप गाडीखाली मागच्या चाकाजवळ आहे, तिथल्या रबरी नळ्या बदला, आणि नळीवर इंधनासाठीची आहे असं छापलेलं बघूनच घ्या. काही लोक पाण्याची नळी लावतात. खरंच लावतात.

सामान कुठे घ्यायचं: ऑपेरा हाऊसला डब्यात बंद नवा माल मिळतो, कुर्ला-कलिन्याच्या सीएसटी रोडला भंगारातला पण ओरिजिनल. मी काचेचे, दाराचे, आतले पार्ट भंगारातले घेतो. रबर, ब्रेक आणि पाण्याचं काहीही भंगारातलं घेत नाही. चोरबाजाराबद्दल विचारू नका, तिथे आपलाच व्हीलकॅप आपल्याला परत मिळतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. काम झाल्यावर लगेच निघू नका. नवीन टाकलेल्या पार्टनेच गाडी बंद पडते, कारण क्लिप सैल राहते. आधी चारपाचशे किलोमीटरची एक फेरी मारा, घाट असलेली.

बेळगावचा_पाव्हणा
७ ऑक्टोबर, सकाळी ११.१५

रस्त्याचं मी सांगतो. पहिला मुक्काम बेळगावलाच करा बघा, साधारण ४९० किलोमीटर. हुबळीपर्यंत ओढू नका, वयस्कर माणसं आहेत. सातारा-कोल्हापूर मध्ये सहापदरीची कामं चालू आहेत, दर थोड्या अंतरावर डायव्हर्शन, रात्री तिथे नको. दुसऱ्या दिवशी दावणगेरे, चित्रदुर्ग करत तुमकूर. बेंगळुरूत शिरूच नका, नाइस रोडने बाहेरच्या बाहेर होसूरला निघा. पुढे कृष्णगिरी, सेलम, करूर, दिंडिगल, मदुराई, सगळा ४४ नंबरचा रस्ता. नुसता पळत सुटतो माणूस.

एक जागा लक्षात ठेवा. धर्मपुरी ते सेलमच्या मध्ये तोप्पूर घाट. लांबलचक उतार, ट्रकांचे ब्रेक तिथे जातात. गिअर ३ किंवा २ वर टाकून इंजिनाने उतरवा, मागचा आरसा बघत राहा. तुमच्या ब्रेकपेक्षा मागच्या ट्रकच्या ब्रेकची भीती.

आणि कुंदा घेऊन जा, मी सांगतो कुठून.

मुलुंडची_माहेरवाशीण
७ ऑक्टोबर, दुपारी १२.०४

कुंद्याचं दुकान व्यक्तिगत निरोपात कळवा की. :)

पार्ले_पूर्व
१७ नोव्हेंबर, रात्री ११.४५

मंडळी, महिनाभर गायब होतो, पण गाडीचं काम चालू होतं. पाच टायर, सगळे पाण्याचे होस, थर्मोस्टॅट, बेल्ट, ब्रेक ऑइल, फ्यूज, बॅटरी. वायरिंग वाकवून बघितली, नशिबाने आधीच्या मालकाने बदललेली निघाली. खर्चाचा आकडा आईला सांगितलेला नाही, इथेही सांगत नाही, ती मोबाईल बघते.

शनिवारी-रविवारी वाईला जाऊन आलो. पहाटे साडेचारला निघालो. खंडाळ्याच्या घाटात, जिथे अमृतांजन पूल होता त्याच्या आसपास, नेहमीप्रमाणे तीन गाड्या बॉनेट वर करून उभ्या होत्या. तिन्ही अलीकडच्या. बाबांनी मान वळवून प्रत्येकीकडे बघितलं, काही बोलले नाहीत, पण ज्या पद्धतीने बोलले नाहीत त्यात सगळं आलं. आमचा तापमानाचा काटा ९५ वर होता.

खंबाटकी चढून सुरूर फाट्याला चहाला थांबलो. उतरल्यावर आई म्हणाली, "पेट्रोलचा वास येतोय." बाबा म्हणाले, शेजारच्या स्कूटरचा. स्कूटर गेली, वास राहिला. मी खाली वाकलो तर उजव्या मागच्या चाकाजवळ नळी ओली, आणि थेंब धरून राहिलेला, पडत नव्हता पण जातही नव्हता. पंपाच्या ह्या नळ्यांना मी हात लावला नव्हता, कारण दोन वर्षांपूर्वीच घराजवळच्या एका गॅरेजमध्ये नव्या टाकल्या होत्या. नळीवर बोट फिरवून वाचलं. कुर्लेकर, तुम्ही लिहिलं होतं तेच. इंधनाचं काही छापलेलं नव्हतं. साधी नळी.

गाडी तिथेच ठेवली, चावी काढून खिशात. रिक्षाने वाईला जाऊन एका दुचाकीवाल्या मेकॅनिकला घेऊन आलो. त्याने योग्य नळी आणि चार क्लिपा आणल्या होत्या, अर्ध्या तासात काम. त्या वेळात आई ढोल्या गणपतीला जाऊन आली. "तुझ्या बाबांसाठी नाही, नळीसाठी नमस्कार केला" म्हणाली.

घरी आल्यावर इंजिनाकडची बाजूही बघितली. तिथेही त्याच गॅरेजची नळी. तीही बदलली.

कुर्ला_गॅरेज
१८ नोव्हेंबर, सकाळी ७.१०

आईंना नमस्कार सांगा. गरम सायलेन्सरजवळ हा थेंब पडला असता तर धागा वेगळा झाला असता. माझ्या गॅरेजात मशीनला जे सापडत नाही ते बऱ्याचदा मागच्या सीटवरच्या बाईंच्या नाकाला सापडतं.

आता जा. सोबत ठेवा: एक बेल्ट, वरचा होस, दोन लिटर कूलंट, फ्यूजचा सेट, पेट्रोलपंपाचा रिले, जंपर केबल, हवा भरायचं यंत्र. काटा ८० ते १०० मध्ये खेळला तर खेळू दे. ११० च्या पुढे गेला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, आणि सावकाश बाजूला. रेडिएटरचं झाकण अर्धा-पाऊण तास उघडायचं नाही. कोणी ट्रकवाला कितीही प्रेमाने सांगू दे.

हॉर्न_नको
१८ नोव्हेंबर, सकाळी ९.२५

मी अजूनही नको म्हणतो, पण आता जरा हळू आवाजात.

पार्ले_पूर्व
२१ डिसेंबर, रात्री १०.५०

तुमकूरहून. हॉटेलच्या खोलीतून लिहितोय.

काल बेळगाव बिनबोभाट. पाव्हणे, कुंदा मिळाला, बाबांनी शुगर असून खाल्ला. आज चित्रदुर्गपर्यंत गाडी अशी चालली की मीच विसरलो, २९ वर्षांची आहे. ९०-९५ ला धरली की आत इतकं शांत असतं की आईचं घोरणं ऐकू येतं. (ती हे वाचणार आहे. सॉरी.)

आणि मग तुमकूरच्या अलीकडच्या टोलला फास्टॅग वाचेना. हातात यंत्र घेऊन माणूस आला, मी ड्रायव्हरची काच खाली केली. खाली गेली. वर आली नाही. बटण दाबलं की दारातून "टक्" आणि शांतता. ह्या दाराचं बटण मीच तीन वर्षांपूर्वी डुप्लिकेट आणून बसवलं होतं, आणि काच वर-खाली करणाऱ्या रेग्युलेटरला वायर बांधून "तात्पुरतं" नीट केलं होतं. ते तात्पुरतं आज संपलं.

उरलेले चाळीस किलोमीटर काच उघडी. ट्रकांचा धूर, धूळ, थंडी. बाबांनी माकडटोपी चढवली. आईने साडीच्या खोक्यातलं प्लास्टिक काढून दाराला लावायचा प्रयत्न केला, ते हवेने पिपाणीसारखं वाजायला लागलं. ५० वर्षांच्या संसाराची उणीदुणी काढली गेली. इंजिन मात्र मजेत, काटा ८५.

गाडी आत्ता हॉटेलच्या वॉचमनसमोर उभी आहे, त्याला जास्तीचे पैसे देऊन. बाबा गाडीत झोपायला निघाले होते.

मुलुंडची_माहेरवाशीण
२१ डिसेंबर, रात्री ११.०८

सेंट्रल लॉकिंगचं सांगितलं, काचेचं सांगायला विसरले. दाराचं आतलं पॅड काढून काच हाताने वर ओढता येते, खाली काहीतरी टेकू द्यायचा. घाई करू नका, पॅडच्या क्लिपा कडक झालेल्या असतात, तुटतात.

पार्ले_पूर्व
२२ डिसेंबर, दुपारी २.४०

होसूरच्या पुढे. ताई, अगदी तसंच झालं.

सकाळी हॉटेलवाल्याने एका मेकॅनिकचं नाव सांगितलं. पोरगा वीस-बावीसचा. त्याला मराठी नाही, हिंदी चार शब्द, आम्हाला कानडी शून्य. त्याने आयुष्यात ही गाडी उघडली नव्हती, पण पॅड असं काढलं की एक क्लिप तुटली नाही. आधी पातळ पट्टी घालून क्लिप कुठे आहे ते चाचपायचा, मग तिथेच बोट घालायचा. मोटर हलत नव्हती, वायर तुटलेली. माझी वायर. त्याने ती बाहेर काढून माझ्याकडे बघितलं. मी बाबांकडे बघितलं. बाबा आकाशाकडे.

मग तो शेजारच्या सुताराकडे गेला आणि प्लायवुडचा तुकडा घेऊन आला. काचेखाली घालून बघितला, काढला, कानस मारली, परत घातला. असं तीनदा. चौथ्यांदा काच चौकटीत बसली ती हवा जायला फट नाही. कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली, वाजू नये म्हणून. दोन तास. जे पैसे मागितले त्यावर बाबांनी तेवढेच आणखी दिले आणि त्याच्याशी पाच मिनिटं मराठीत बोलले. तो कानडीत बोलला. दोघांचं काय ठरलं माहीत नाही, पण दोघं हसत होते.

आता ड्रायव्हरची काच उघडत नाही. टोलला दार उघडतो.

बेळगावचा_पाव्हणा
२२ डिसेंबर, दुपारी ३.१५

तोप्पूर आता येईल बघा. गिअर.

पार्ले_पूर्व
२३ डिसेंबर, सायंकाळी ६.३०

पोचलो. तोप्पूर दुसऱ्या गिअरमध्ये उतरवला, ब्रेकला जेमतेम हात. म्हणजे पाय. मुक्काम मदुराईला केला. तिथून निघून तिरुनेलवेली ओलांडल्यावर पवनचक्क्या लागतात, डोंगराच्या खिंडीत, शेकड्यांनी. बाबांना तिथे गाडी चालवायची होती. दिली. सकाळची वेळ, रस्ता रिकामा. पाठ ताठ, दोन्ही हात स्टेअरिंगवर, ७० च्या वर नाही. आई मागून म्हणाली, "हळू." ते म्हणाले, "ही ह्यापेक्षा हळू जात नाही." वीसेक किलोमीटर चालवून स्वतःहून बाजूला घेतली.

फोटो उद्या टाकतो. आत्ता दोघं समोर कठड्यावर बसलीत आणि माझ्याकडे पाठ आहे.

हॉर्न_नको
२३ डिसेंबर, सायंकाळी ६.५२

अभिनंदन. आईबाबांना लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. (फ्लॅटबेडचा नंबर हाताशी ठेवा, परत यायचंय.)

पार्ले_पूर्व
२ जानेवारी, रात्री ९.२०

परवा रात्री घरी आलो. परतीत सांगण्यासारखं काहीच झालं नाही. फक्त कोल्हापूरजवळ मागचा एक दिवा गेला. फ्यूज फिरवला, आला.

विचारताय म्हणून आकडे: ३,४१० किलोमीटर, ३३८ लिटर. म्हणजे लिटरला दहाच्या किंचित वर, एसी सतत चालू. कूलंट अर्धा लिटरही लागलं नाही. बेल्ट, होस, रिले, सगळं न उघडता परत आलं. जे बिघडलं ते मी स्वतः "तात्पुरतं" केलेलं होतं.

कुर्ला_गॅरेज
३ जानेवारी, सकाळी ७.००

ड्रायव्हर साइडचा रेग्युलेटर आहे माझ्याकडे, भंगारातला पण ओरिजिनल, मोटरसकट. रविवारी आणा गाडी, तासाभराचं काम. मार्चमध्ये पासिंगला जायच्या आत करून घ्या.

पार्ले_पूर्व
४ जानेवारी, रात्री १०.१५

आणतो, पण ह्या रविवारी नाही. बाबांनी काल दाराचं पॅड काढून ती फळी बघितली, खालच्या बाजूला त्या पोराने पेन्सिलने कानडीत काहीतरी लिहिलंय. माप असेल किंवा नाव असेल. बाबांना ते कोणाकडून तरी वाचून घ्यायचंय, मग काढू म्हणाले. इथे कानडी वाचणारं कोणी आहे का? फोटो टाकतो.

बेळगावचा_पाव्हणा
४ जानेवारी, रात्री १०.१८

टाका की.